कारणं सांगण्याची मेथड

ता. ३ नोव्हेंबर १९३६, सकाळ
बकुळ पाच वर्षांची झाली. माझी एकुलती एक मुलगी. मग झोपायची वेळ झाली की उशी उचलून सासूबाईंच्या खोलीत का जाते? मला उत्तर देता येत नाही. घरातली पहिली बी.ए. मी, तरी येत नाही.

एक विलायती पुस्तक वाचून ठरवलं. आजपासून सजग आई व्हायचं. मारणं नाही, ओरडणं नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचं. सासूबाईंची पद्धत म्हणजे आधी धाक, मग लाडू. फार मागासलेली. महिनाभरात बकुळ आपण होऊन माझ्याजवळ झोपू लागेल.

ता. ५ नोव्हेंबर
संकठा घाटावर गंगास्नानाला. बकुळ खालच्या पायऱ्यांकडे निघाली. हात धरून ओढलं नाही. शेवाळ, खोली, प्रवाह, या क्रमानं समजावलं. मी प्रवाहापर्यंत येते तोच ती कमरेइतक्या पाण्यात. सासूबाईंनी वेणी धरून वर काढली आणि पाठीत धपाटा घातला. बकुळ रडत रडत त्यांच्याच पदरात शिरली.

मेथडमध्ये दोष नाही. पायऱ्या निसरड्या आहेत.

ह्यांचं म्हणणं, कारणं थोडक्यात सांगावीत. पाठशाळेत एक सूत्र तीन महिने शिकवणाऱ्या माणसानं हे म्हणावं.

ता. ९ नोव्हेंबर, संध्याकाळ
दोघींचं आत्मपरीक्षण सुरू केलं. आधी माझे दोष सांगितले. फारसे सापडले नाहीत. मग बकुळला विचारलं, आज राग का आला होता? म्हणाली, "तू विचारतेस म्हणून."

उत्तर अपुरं वाटलं. आणखी खोलात शिरले. ती उशी घेऊन गेली. आज जरा लवकरच.

ता. १५ नोव्हेंबर
जाऊबाईंना मुलगा झाला म्हणून देवीचं बोडण होतं. देवघरात फक्त बायका. कुमारिका म्हणून बकुळ बसली. सवाष्णींबरोबर ती परातीत पुरण कालवत होती. तेवढा वेळ ती देवी. देवी मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. म्हणजे आपल्या पूर्वजांना चाइल्ड सायकॉलॉजी ठाऊक होती. हे मी सगळ्यांना सविस्तर सांगत होते.

देवीनं दूध मागितलं, घातलं. दही, मध, तूप, सगळं घातलं. सासूबाईंनी हात जोडून विचारलं, आणखी काय हवं? बकुळनं माझ्याकडे बघितलं.

"आई चुप रहे."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. देवी हिंदीत कशी बोलेल, हा मुद्दा मी मांडू लागले. सासूबाई म्हणाल्या, "शरदिनी, काशीत राहते, हिंदी येणारच. मागितलंय ते दे."

ता. १६ नोव्हेंबर
गप्प आहे. केवळ रीत म्हणून. दुपारी तांदूळ निवडत होते, तर बकुळ मांडीवर येऊन बसली. बराच वेळ. कारण विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

झोपायला मात्र तिकडेच गेली.

ता. १८ नोव्हेंबर, दुपार
निर्णय पूर्णपणे माझा आहे. मुलाला आपल्याकडे ओढणं शास्त्रीय नव्हे. ह्यांना खोली वाचनासाठी मोकळी मिळाली. त्यांनी आनंद लपवायला हवा होता.

सासूबाईंनी त्यांच्या खोलीत जागा करून दिली. म्हणाल्या, "झोप की. पण बडबड नको." मी नुसती मान हलवली. बकुळच्या शेजारी माझी गादी घालून झाली आहे.