राष्ट्रीय फुटसाल संघाचा इतिहास आणि टॉवेलचा दांडा

ती. स्व. काकांना,

साष्टांग नमस्कार. (चौदा वर्षं राष्ट्रीय संघाचा गोलकीपर असल्यामुळे आडवं पडायची मला सवय आहेच, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला गेला का? आई म्हणते, रंधा मारणं आता बंद करा म्हणावं, पण ते तुम्ही ऐकणार नाही हेही तीच म्हणते. आम्ही सगळे मजेत. मी अजून चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि संध्याकाळी हॉलवर जाऊन आमच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलसाठी गोलमध्ये उभा राहतो. एकदा स्वतःचाही नंबर तपासून घ्या, असं गिऱ्हाइकं सुचवतात. मी हसून चष्मा पुसायला घेतो.

आता मूळ मुद्दा, पण तो सावकाश येईल, कारण तो जरा नाजूक आहे. आमच्या संघटनेचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच (संघटनेचं ऑफिस म्हणजे त्यांच्या दवाखान्यातलं एक कपाट, वरच्या दोन कप्प्यांत संघटना आणि खालच्यात कापूस). त्यांनी मला बोलावून सांगितलं की मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळणाऱ्या प्रत्येक संघाकडून 'इतिहास आणि कामगिरी' अशी दोन पानं मागवली आहेत, आणि ती लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मीच का, तर पहिल्या सामन्यापासून आजवर संघात टिकलेला मी एकटाच. टिकलो कसा, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. एका पेशंटला आ करायला लावून त्यांनी इतिहास सांगायला सुरुवात केली. आ केलेल्या माणसाला मधे बोलता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना असा श्रोता फार आवडतो.

इतिहास तसा आटोपशीर निघाला. तेव्हापर्यंत सामने बेचाळीस, विजय एक, बाकीचे एक्केचाळीस ते. 'पराभव' हा शब्द इतक्या वेळा बरा दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी त्या जागी 'अनुभव' लिहायला लावलं. म्हणजे आपला संघ जगातल्या सर्वांत अनुभवी संघांपैकी एक ठरला. माझ्यावर झालेले गोल दोनशे बारा. पहिल्या सामन्यात चौदा झाले होते आणि रात्री जेवताना तुम्ही म्हणाला होतात, "अरे, दाराला कडी तरी लावायचीस." त्या दिवसापासून घरात माझं नाव 'उघडं दार' पडलं. त्याचं मला काही वाटत नाही, माझा मुलगाही आता तेच म्हणतो. वाटलं ते एवढंच, की पुढे तुम्ही सामन्यांना येणंच बंद केलंत. नऊ वर्षं झाली, काका.

विजय मात्र खणखणीत होता. चार वर्षांपूर्वी, आपल्याच हॉलवर, दिग्गज पाहुण्यांविरुद्ध. त्यांनी अकरा वेळा बॉल खांबांवर मारला. अकरा वेळा! आमच्यातल्या लिफ्ट दुरुस्तीवाल्याने शेवटच्या दोन मिनिटांत एक गोल केला आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझ्याबद्दल 'अभेद्य' असा शब्द छापून आला. ते कात्रण घडीघडीशी फाटलंय, तरी पाकिटात आहे. इतिहासाचं दुसरं पान मी संपूर्ण त्या एका सामन्याला दिलं होतं.

आणि मग स्पर्धेकडून आलेल्या त्याच लखोट्यातून एक फॉर्म निघाला. शेवटचा, निर्णायक सामना आपल्या हॉलवर आहे, म्हणून हॉलची मापं भरून पाठवायची होती. मी टेप घेऊन गेलो. मैदानाची लांबी बरोबर, रुंदी बरोबर, गोलची उंची दोन मीटर, बरोबर. गोलची रुंदी नियमाप्रमाणे तीन मीटर हवी. भरली अडीच. मी पुन्हा मोजली, मग समोरचा गोल मोजला, मग टेपवर संशय घेऊन हॉलच्या सफाईवाल्या मावशींकडून दुसरी टेप आणली. अडीच. संघाचा कॅप्टन पोस्टमन आहे, उन्हातान्हात कधी दमत नाही, तो तिथेच जमिनीवर बसला. "म्हणजे चौदा वर्षं आपण पत्रपेटीच्या फटीत बॉल टाकायला शिकतोय," तो म्हणाला.

एकेक गोष्ट उलगडत गेली. परदेशात गेलं की माझ्या दोन्ही हातांपलीकडून एकेक वीत जागा सोडून बॉल आत का जातो, तर घरी त्या जागेत लाकूड असतं. मी तो बॉल आरामात बाहेर जाऊ देतो, आणि तो बाहेर जात नाही. आमची पोरं अगदी कोपऱ्यात नेम धरतात, पण तो कोपरा अडीच मीटरवाला, म्हणजे समोरच्या गोलकीपरच्या पोटाशी. आणि त्या दिग्गजांचे अकरा बॉल खांबांवर का आदळले, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. डॉक्टर सरळ माणूस, ते म्हणाले, विजय इतिहासातून काढून टाकू. कॅप्टन म्हणाला, दोन्ही गोल सारखेच अरुंद होते, आपणही त्यातच मारला ना? शेवटी विजय राहिला, पण खाली बारीक अक्षरात एक टीप आली. माझ्या 'अभेद्य'चं आता काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

आता चौकटी कुणी केल्या हा प्रश्न. डॉक्टरांना आठवत नव्हतं आणि मला आठवत असूनही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून टॉवेलला हात घातला आणि तसाच निथळत उभा राहिलो. आमच्या न्हाणीघरात तुम्हीच बसवून दिलेला टॉवेलचा दांडा, काका. जाड, चौकोनी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. मोजला, बरोबर अर्धा मीटर. देशाच्या संघाचा हरवलेला अर्धा मीटर माझ्या डोळ्यांसमोर चौदा वर्षं रोज टॉवेल घेऊन लटकत होता, आणि मी लोकांचे डोळे तपासतोय. तसाच दुसरा तुमच्याकडे आहे, त्यावर काकूंचे पंचे असतात.

मी लगेच जिन्याखालची खोली मोजली, जिथे रोज सराव संपला की गोल आत ठेवावे लागतात (सकाळी हॉल परीक्षांना देतात). खोली अडीच मीटर आणि चार बोटं. तेव्हा सगळं कळलं. तुम्ही माप खेळाचं न घेता खोलीचं घेतलंत. तुमचं कुठलंच कपाट आजवर भिंतीला अडलेलं नाही, तसाच गोलही अडू दिला नाहीत. त्या क्षणी मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण दुपारपर्यंत दुकानात बसल्या बसल्या हसू यायला लागलं, आणि त्यामागून काहीतरी हलकं वाटायला लागलं. चौदा वर्षं मला वाटत होतं की मी मुळातच ढ आहे. आता कळलं की निदान अडीच मीटरपुरता तरी मी ढ नाही.

कॅप्टनने हॉलच्या भिंतीवर खडूने तीन मीटरचा गोल काढला आणि आम्ही त्यासमोर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी मला तो गोदामाच्या शटरएवढा वाटला. महिनाभराने आम्ही बाहेर खेळायला गेलो, गेल्या वर्षी नऊ गोलांनी हरवणाऱ्या संघाविरुद्ध, आणि दोन-दोन अशी बरोबरी झाली. आपल्या इतिहासातली पहिली बरोबरी. लिफ्टवाल्याने दोन्ही गोल खऱ्या कोपऱ्यात मारले. परतीच्या बसमध्ये सगळे आपापल्या खिडकीकडे बघून हसत होते. घरचा सामना जिंकलो तर आपण पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत जाऊ. मी सदतिसाव्या वर्षात आहे, पुढच्या खेपेपर्यंत मला कुणी ठेवणार नाही, तेव्हा माझ्यासाठी हाच एक सामना आहे.

चौकटी कुणी केल्या ते मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. इतिहासात 'एका कुशल कारागिराने' एवढंच लिहिलंय, आणि ते खोटं नाही. चौदा वर्षांत एक सांधा हललेला नाही.

काकूंना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग.

तुमचा पुतण्या,
उघडं दार

ता. क. : सामन्याच्या चार दिवस आधी तपासनीस येऊन गोल मोजणार आहे. नवे गोल करून द्यायला कारखान्याला तीन महिने लागतात, आपल्याकडे चोवीस दिवस आहेत. तुम्ही याल का? लाकूड आणून ठेवलंय, रंगही तोच लाल-पांढरा. जिन्याखालच्या खोलीचं दार मावशींनी स्वतः काढून टाकलंय. अर्धा मीटर गोल बाहेर राहील, त्यावर त्या फडकी वाळत घालणार आहेत. तुम्ही फक्त तीन मीटर कापा, इकडेतिकडे न बघता.

ता. क. २ : तुमच्याकडचा दांडा तिथेच असू द्या. आमचा आईने काढू दिला नाही, मजबूत आहे म्हणते.

ता. क. ३ : हे फक्त तुम्हाला सांगतो, कुठे बोलू नका. काल जुन्या सामन्यांचे सगळे व्हिडिओ पुन्हा बघितले. दोनशे बारा गोलांपैकी त्या दोन वितींतून गेलेले सतरा. बाकीचे एकशे पंच्याण्णव सरळ माझ्या समोरून गेले, त्यातले बरेचसे पायांमधून. म्हणजे तुमच्या वाट्याला फार काही येत नाही, काका, तेव्हा तोंड लपवायचं कारण नाही. पहिल्या रांगेत, माझ्या गोलच्या मागची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवलीय. चौकट तुम्ही नीट बसवा, कडी मी लावतो.