त्या मुलांच्या बाकावर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. या महिन्यात मात्र तो न बोलावता येतोय, आणि रागावलेलाच येतोय.

पुण्यात दुपारच्या तासाला, निम्मा वर्ग पेंगत असताना, तुम्ही आम्हाला दोन महायुद्धांच्या मधली अमेरिका शिकवायचात. तिथली कॉलेजची मुलं वर्ग सोडून मैदानात जमली, आम्ही युद्धात लढणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली, हे सांगताना खडू खाली ठेवून तुम्ही स्वतःच हात वर करायचात. सहामाहीच्या पेपरात मी ठोकून दिलं की ही मुलं भाबडी होती, कारण पुढे त्यांच्यातलेच कितीतरी गणवेश चढवून लढायला गेले. स्वतःच्या उत्तरावर मी जाम खूश होते. तुम्ही पेपर माझ्यापुढे ठेवलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "निकाल माहीत असलेल्याच्या खुर्चीत बसून लिहिलंयस गं. त्या मुलांच्या बाकावर जाऊन बस, मग लिही." मी आठवडाभर तुमच्यावर फुगून बसले होते.

आता मी ऑकलंडमध्ये असते. माउंट रॉस्किलला भाड्याचं घर, न्यू लिनच्या एका फार्मसीत काउंटरवर नोकरी. लेक अल्बनीला युनिव्हर्सिटीत शिकते. गेल्या महिन्यातला सोमवार. सकाळी मी डब्याच्या पोळ्या लाटतेय आणि ती ओट्याला टेकून सांगतेय, की कॅम्पसवर त्यांनी युद्धाविरुद्ध शपथ लिहिलीय, पहिली सही तिची आहे आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर तीच वाचणार आहे. आमचा न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याचा, रेसिडेन्सीचा अर्ज कित्येक महिने अडकून पडला होता.

"नाव काढून घे," मी म्हटलं. "निकाल लागेपर्यंत तरी."

"आई, नोबडी चेक्स दॅट."

मग मी तुमचाच धडा उकरून काढला. "अमेरिकेतल्या मुलांनीही घेतली होती अशी शपथ. गेलीच ना शेवटी लढायला?"

"सो व्हॉट? दे डिडन्ट नो दॅट देन, डिड दे?"

सर, तिने तुमचं नावही कधी ऐकलेलं नाही.

तरी मी हटले नाही. ओळखीच्या चार मराठी घरी फोन केले. चौघांचंही एकच म्हणणं, नसतं लचांड कशाला. मी विजयी मुद्रेने लेकीला सांगितलं, बघ, सगळ्यांचं हेच मत आहे. तुम्ही सांगितलेलं ते अमेरिकन साप्ताहिक आठवतं? निवडणुकीआधी त्यांनी लोकांना मत विचारायला कार्डं पाठवली, पण बरीचशी टेलिफोन आणि मोटार असणाऱ्यांनाच, आणि निकालात तोंडघशी पडले. वर्गात मीच सगळ्यात मोठ्याने हसले होते. माझे ते चौघेही आमच्यासारखेच अर्ज करून वाट बघत बसलेले होते, हे माझ्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं. लेकीला मी ते सांगितलं नाही.

गुरुवारी तिने नाव काढलं. शुक्रवारी शपथ दुसऱ्याच मुलीने वाचली. लेक घरी आली, जेवली, ताट धुतलं आणि म्हणाली, "इट वॉज गुड." तेव्हापासून मी काहीही म्हटलं की ती "ओके" म्हणते. पूर्वी भाजीत मीठ किती यावरूनही भांडायची. मला ते भांडण परत हवंय, सर. मी तिला आयुष्यभरासाठी गप्प बसायला शिकवलं की काय, या विचाराने मला काही सुचत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण खरी गोष्ट अजून लिहिलेलीच नाही. रेसिडेन्सी मंजूर झाल्याची ईमेल मला बुधवारी सकाळीच आली होती. मी ती तिला शनिवारी दाखवली, आत्ताच आली म्हणून.