मालक गेले, पण कुठे?

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (टेबलाखाली पडलेलं पेनाचं टोपण शोधताना तो आपोआपच घडला, म्हटलं वाया कशाला घालवा.) घरच्या ग्रुपवर तुम्ही आता नाही, म्हणून कागद घेतला. गुडघा कसा आहे? मामी म्हणते दुखतो, तुम्ही म्हणता नाही. दोन्ही दावे तपासायचे राहिलेत.

पत्रास कारण की, फोनवर फिरणाऱ्या बातम्या खऱ्या की खोट्या, हे आमच्या वर्तमानपत्रासाठी मी शोधते, ते तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्ही त्याला 'पगारी भोचकपणा' म्हणता). सोमवारी एक बातमी आली: तुमच्या कारखान्याचे मालक हृदयविकाराने गेले, मुलं भांडताहेत, आणि कुलपांच्या कारखान्यालाच कुलूप लागणार! कामगार धास्तावलेले. मला कुठलं राहवतंय? सरळ मालकांच्या घरी फोन लावला, तर उचलला खुद्द मालकांनी! आता जित्याजागत्या माणसाला 'तुम्ही गेलात का हो?' असं कसं विचारायचं? मी आपली 'तब्येत बरी ना?' म्हणाले. तर म्हणे, सकाळपासून हे विचारणाऱ्या तुम्ही अठ्ठाविसाव्या.

मग बातमीचं शेपूट धरून मी मागे मागे गेले. मुलांचं भांडण एका दंतवैद्याने जोडलेलं. हृदयविकार एका शिकवणीच्या बाईंचा (नुसतं 'गेले' त्यांना अपुरं वाटलं). त्यांच्यामागे आपली मावशी, आणि मावशीच्या मागे कोण? अहो मामा, तुम्ही! रोज संध्याकाळी मालकांची गाडी फाटकाबाहेर पडली, की हजेरीचं पुस्तक मिटून तुम्ही ग्रुपवर टाकता ना, 'मालक गेले' (म्हणजे, आता मी गप्पांना मोकळा)? शनिवारी ते दुपारीच निघाले, तुम्ही दुपारीच कळवलंत, आणि अवेळी आलेलं 'गेले' वाचून मावशीचा धीर सुटला. तिने हात जोडून ते दहा जणांना पाठवलं.

मला काय मजा वाटली म्हणून सांगू! मालकांना मात्र नाही वाटली. आज पुन्हा बोलणं झालं, तर म्हणाले, सुरुवात करणारा आमच्यातलाच निघाला तर उद्यापासून घरी बसवीन. नाव सांगा. तुमच्या निवृत्तीला उरलेत चार महिने. खोटं बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही, आणि खरं बोलावं तर तुमची नोकरी. पण काळजी नसावी, निभावलं.

तुमची भाची,
(तुमच्या भाषेत) चौकशीची खिडकी

ता. क. मावशीशी वाजलं म्हणून तुम्ही आज सकाळी ग्रुप सोडलात ना? मी मालकांना तेवढंच सांगितलं, 'ते आज सकाळीच गेले.' अक्षर न् अक्षर खरं! मालक एकदम गहिवरले. म्हणाले, माझी बातमी अफवा ठरली, त्या बिचाऱ्याची खरी झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आणखी एक. त्या अनामिकासाठी येत्या सोमवारी दहा वाजता फाटकाशी दोन मिनिटं मौन आहे. हजेरी तुम्हालाच घ्यायचीय. मान खाली घाला आणि हसू नका. आणि हात जोडते मामा, तोवर ग्रुपवर येऊ नका. नाहीतर मावशी दहा जणांना कळवेल, 'दादा परत आला!', आणि ते तपासायला पुन्हा माझ्याकडेच येईल.