झाकणापाशी

ताई,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो.

आज दाजी हवा न तपासताच जहाजाच्या बंद टाकीत उतरले आणि तळाशी कोसळले. गंजाने आतला प्राणवायू खाऊन टाकला होता. खलाशी त्यांच्यामागे उतरायला धावले. मी अडवलं.

"साहेब, तुमचे दाजी आहेत ते!"

"पाठीला हवेचं सिलिंडर लावल्याशिवाय उतराल तर तुम्हीही मराल!"

सिलिंडर आलं. ते मी दुसऱ्याच्याच पाठीला बांधलं.

दाजी वाचले. शुद्धीवर येताच म्हणाले, "डोकं शांत ठेवलंस हो."

कसलं शांत, ताई! मला स्वतःला उतरायची हिंमतच नव्हती. अजूनही नाही.

उद्या ती टाकी तपासायला मलाच उतरायचंय. दाजी म्हणतात, "घाबरू नकोस, मी वर झाकणापाशी उभा राहतो." त्यांना अजून नीट उभंही राहता येत नाही.

तुझा भित्रा भाऊ