सात विहिरी, एक लाल दिवा

मंगळवार, ३ मार्च २००९

तारीख मिळाली. तेवीस मार्च, सोमवार. मावशीच्या गळ्यातली गाठ काढणार. जिवाला धोका नाही म्हणे, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. "थोडा घोगरा होईल, किंवा—" डॉक्टर एवढं बोलून कागद चाळायला लागले. किंवा काय? माणसाने सुरू केलेलं वाक्य पुरं करावं!

मावशी शांत. रिक्षासारखी खडखडणारी टॅक्सी, त्यात ती तोंडावर पदर धरून बसलेली. म्हणाली, "आवाज काय करायचाय मला आता? भाजीवाल्याशी भांडायला पुरला म्हणजे झालं."

वीस दिवस.

बुधवार, ४ मार्च

कामात लक्ष लागेना. दोनदा उलट्या बाजूने स्क्रू फिरवला.

आज पाच नग उघडले. दर्ब घलेफच्या या जुन्या यंत्रांच्या बाजारात माझ्या एवढ्याशा गाळ्यावर लोक त्यासाठीच येतात. फ्रान्स-इटलीत राबणारे उन्हाळ्यात घरी येताना जुने म्युझिक प्लेअर पोत्याने आणतात. कंपनी यंत्र एकच बनवते, मग देशादेशाप्रमाणे कुलपं घालते. कुठे आवाज वाढू देत नाही, कुठे रेडिओ बंद, कुठे रेकॉर्डिंग बंद. सगळं आतच असतं, दिसत नाही इतकंच. दोन बटणं दाबून धरायची, बाजूची कळ तीनदा पुढेमागे करायची— कारखान्याचा छुपा मेनू येतो. त्यात देशाचा आकडा बदलला की झालं. फक्त त्याने आतलं सगळं पुसलं जातं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर गाळ्यावर तमाशा.

शेजारचा मेहजूब, चार्जरवाला, आज परत तेच— "बहीजा, यंत्राचा देश बदलतेस, माझाही बदल की! स्पेन चालेल. पोर्तुगालही चालेल, मी नखरे करत नाही."

हसू आलं नाही. तो म्हणाला, "आज काय लिंबू खाऊन आलीयेस?"

दुपारी बूशाइब काका आले. मावशीच्या मागे तीस वर्षं फिडल वाजवणारे. काठी टेकत बाजारभर मला शोधत होते. बसले आणि सरळ म्हणाले, "सात विहिरींचं गाणं, ती ऐता, तिच्याशिवाय कुणाला येत नाही, बाळ. माझ्या बोटांत सूर आहेत, शब्द तिच्या तोंडात. तेवीसला ते गेले तर माझी बोटं घेऊन मी काय करू?"

चहाही घेतला नाही त्यांनी.

शुक्रवार, ६ मार्च

मावशीकडे जेवायला कुसकुस. भोपळ्याची सगळ्यात मोठी फोड नेहमीप्रमाणे माझ्याकडे ढकलली. मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मावशी, एकदाच. फक्त माझ्यापुढे. सात विहिरी."

तिने चमचा ठेवला. "मक्केत काय बोलून आलेय मी? माणसांपुढे गाणार नाही. तू माणूस नाहीस का?"

"मी तुझी मुलगी."

"मग माणूसच झालीस ना? खा."

झालं. विषय संपला. भोपळा ताटातच राहिला.

मला राग येतो! तिचा नाही, कुणाचा ते कळत नाही. चाळीस वर्षं ती शेखा होती. लग्नात, जत्रेत कमरेला पट्टा बांधून ऐता गायची— हाक मारल्यासारखं ते लांबलचक गाणं. तेच लोक रात्री तिच्यावर नोटा उधळायचे आणि सकाळी गल्लीत मान फिरवायचे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. मावशीने मला उचलून आणलं. सोळाव्या वर्षी म्हटलं, मलाही शिकव. तेव्हा शिकायचं म्हणजे शेखाच्या घरी राहायचं, तिचा काफ्तान धुवायचा, चहाचं तबक धरायचं, आणि पाच-सहा वर्षांनी एक ओळ मिळायची. मी तबक उचललंसुद्धा होतं. तिने हातातून काढून घेतलं. "एका घरात एकच नाव खराब झालं, पुरे. तू विजेचं शीक." माझ्या शिक्षणाची फी तिने गाऊनच भरली. आणि ते झाल्यावर हजला गेली, जीभ धुऊन आली.

म्हणजे माझ्या हातातला हा स्क्रू-ड्रायव्हर त्या गाण्याच्या पैशाचा आहे. आणि गाणं मला येत नाही!

शनिवार, ७ मार्च

एक कल्पना. वाईट कल्पना आहे. लिहीत नाही.

रविवार, ८ मार्च

लिहितेच. कुणाला दाखवायचंय?

मावशी पहाटेची नमाज झाली की कणीक मळते, आणि मळताना गुणगुणते. तिला स्वतःला माहीत नसतं. मी दारात गेले की थांबते. फोन दिसला तर तोंडच मिटतं— एकदा शेजारच्या पोरीने फोन पुढे केला तर लाटणं उगारलं होतं.

पण प्लेअर? तिला कुराण-पठण ऐकायला मी एक प्लेअर देणारच होते. जुना, करड्या रंगाचा, स्वस्तातला नग. त्यात रेकॉर्डिंग बंद आहे. पण माइक आत आहे, भोकसुद्धा आहे! आज उघडला. देशाचा आकडा बदलला, रेकॉर्डिंग आलं. छुप्या मेनूत अजून एक सापडलं: पठण बंद केलं आणि खोलीत आवाज झाला की आपोआप टिपणं सुरू. कंपनीने हे कुणासाठी बनवलं होतं देव जाणे.

एकच अडचण. टिपताना लाल दिवा लागतो. मेनूत तो बंद करता येत नाही. बायका चालल्या होत्या समोरून, त्यांच्यातल्या एकीच्या नखांकडे लक्ष गेलं. काळं नखपॉलिश आणलं, एक थेंब दिव्यावर. दिसत नाही आता.

पठण परत भरलं त्यात. झाकण लावताना स्क्रू दोनदा खाली पडला. विजेचे झटके खाल्लेले हात माझे!

सोमवार, ९ मार्च

दिला तिला. हातात घेऊन कपाळाला लावला. "अल्लाह तुझे हात सलामत ठेवो, पोरी."

मेले मी.

बुधवार, ११ मार्च

"चार्ज करून आणते" म्हणून घेऊन आले. गाळ्यावर बसून ऐकलं. तीन तास मालिका! ती मेक्सिकोची, आपल्या बोलीत भाषांतर केलेली. मध्येच मावशी नायिकेवर ओरडते, "अगं मूर्खे, पत्र जाळ! जाळ म्हणते ना!" मग कपड्यांचं ब्लीच विकणाऱ्या जावेलवाल्याची गल्लीतली आरोळी, कुकरची शिट्टी, शेजारच्या हाज्जा फत्तूमाच्या गुडघेदुखीचं साग्रसंगीत वर्णन— चाळीस मिनिटं!

मेहजूब विचारतो, "कशाला हसतेस एकटीच?" हसत नव्हते. डोळे पुसत होते.

बारा दिवस.

शनिवार, १४ मार्च

मिळालं!!

दोनच ओळी. मळताना. कणकेवर मूठ आपटल्याचा आवाज, मग ती:

पहिल्या विहिरीशी घोडी थांबली, पाणी नाही प्याली,
मालक कुठल्या वाटेला गेला, विचारत उभी राहिली.

तिथेच थांबली. तवा तापला असेल. पण आवाज! तोच, खालून उचलून वर नेणारा, मध्ये कुठेतरी चिरणारा. मी हेडफोन लावून दुकानात उभी आणि समोरचं गिऱ्हाईक ओरडतंय, "बाई, माझा रेडिओ झाला का?" मी त्याला म्हटलं, घोडी पाणी प्याली नाही. तो गेला निघून.

बूशाइब काकांना फोन करावा का? नको. सातही होऊ देत.

सोमवार, १६ मार्च

काही नाही. मालिका, फत्तूमा, जावेलवाला.

मंगळवार, १७ मार्च

जेवण जात नाही. तिच्यासमोर बसले की वाटतं, कपाळावर लिहिलंय माझ्या. चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, "ऑपरेशन माझं आहे की तुझं? किती वाळलीस!"

वाटलं सांगून टाकावं. ओठापर्यंत आलं, पण तिने मसेम्मनच्या पोळीचा गरम तुकडा मधात बुडवून तोंडात कोंबला. तो गिळला आणि बोलणंही गिळलं.

गुरुवार, १९ मार्च

कळलं तिला.

गेले तर हाज्जा फत्तूमा बसलेली, मालिकेची वाट बघत. प्लेअर चहाच्या तबकात, रुमालावर. उचलला— दिव्यावरचं पॉलिश गेलेलं! खरवडून काढलेलं, नखाने. दिवा उघडा.

फत्तूमाच बोलली आधी. "पठणाच्या डब्याला नखपॉलिश? वुजूचं पाणी तरी पोचतं का त्याखाली?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

मावशी हसली नाही. प्लेअरखालचा रुमाल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "घेऊन जा तो. माझं झालं."

एवढंच. माझं झालं. मी चपला कुठल्या घातल्या तेही आठवत नाही, घरी आले तेव्हा एक तिची होती, एक माझी.

तिला लाल दिवा कळत नसेल? लग्नालग्नांत कॅसेटवाले तिच्या तोंडासमोर यंत्र धरायचे, तो दिवा बघून ती गायची. मला अक्कल नाही. पॉलिश! नखाला लागलं तर नमाजाआधीचं वुजूचं पाणी नखापर्यंत पोचत नाही, नमाज होत नाही म्हणून जी बाई माझी नखं जुम्म्याच्या जुम्म्याला तपासायची, तिच्या हातात मी पॉलिश लावलेला डबा दिला. दिसणार नाही तर काय होईल?

गाळ्यावर आणला. चार्ज होता. आत सोमवारपासूनचं काही असेल— हेडफोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला, परत ठेवला. नाही ऐकायचं! एकदा चोरी केली, कळल्यावर परत त्याच घरात शिरायचं? जिने मला नऊ वर्षांची असताना उचलून आणलं, तिच्या श्वासाला मी सापळा लावला. लाज वाटते.

संध्याकाळच्या अजानच्या आधी ठरवलं. दोन बटणं, कळ तीनदा. देशाचा आकडा होता तो परत लावला. यंत्राने विचारलं, सगळं पुसायचं? हो. रेकॉर्डिंगचं नाव मेनूतून गेलं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या त्या दोन ओळीही पुसल्या. मग पठण भरलं, बाकी काही नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लावलं मी. मेहजूब बघत होता. "उघडायचे पैसे घेतेस, लावायचे कोण देणार?" मी म्हटलं, हे फुकट.

पंधरा दिवसांनी आज भूक लागली.

शुक्रवार, २० मार्च

प्लेअर परत दिला. घर बायकांनी भरलेलं, मावशीसाठी दुआ मागायला आलेल्या. तिने प्लेअर उलटसुलट करून बघितला, काखेत घातला.

"झालं सगळं नीट?"

"झालं, मावशी."

"मनासारखं?"

"हो. आता काही काळजी करू नकोस."

गालावर हात ठेवला तिने. मैद्याचा वास. माफ केलं! तोंडाने बोलून दाखवायची तिची पद्धतच नाही. मला रडू आलं तर फत्तूमा म्हणाली, "अगं गळा कापणार नाहीयेत, गाठ काढणारेत!"

कुसकुस दोनदा घेतला. भोपळ्याची मोठी फोडही.

रविवार, २२ मार्च

तिची पिशवी भरली. रुमाल, जपमाळ, लोकरीचे मोजे, प्लेअर. बूशाइब काकांना फोन केला, म्हटलं, नाही जमलं काका, माफ करा. पलीकडे त्यांनी फिडलची एक तार छेडली. मग म्हणाले, "तिचं तिला राहू दे. गाणी कबरीतही जातात."

तरी आज मन हलकं आहे. गाणं गेलं तर गेलं. मावशी राहिली.

सोमवार, २३ मार्च

स्ट्रेचरवर होती. दारापाशी तिने नर्सला थांबवलं, मला खाली वाकायला सांगितलं. कानात म्हणाली—

"गुरुवारी ती फत्तूमा बसली होती, बोलता येईना. त्याआधीच पॉलिश खरवडून दिवा बघितला, तेव्हाच तुझी चलाखी कळली. मग म्हटलं, माणसांपुढे गाणार नाही असं बोलले होते, हा डबा कुठे माणूस आहे? दोन सकाळी गायले, वुजू करून. सातही विहिरी घातल्यात त्यात. तिसरीशी मला खोकला आला बघ. तेवढा पूस."

दार बंद होत होतं. मी म्हटलं, "पुसला, मावशी."