डोहावरचा दगड

कार्तिक वद्य ३, गुरुवार
सकाळी पूजा आटोपून ओढ्याच्या डोहावर गेलो. सहा खेकडे धरले. लेक सुमी पहिल्या बाळंतपणाला आली आहे, आईच्या हातच्या रश्शाची आठवण काढते. मी खात नाही, धरता येतात. वाटेत शाळेचे मास्तर. डोहातल्या गोगलगायी त्यांनी कॉलेजात तपासायला दिल्यात. म्हणाले, उत्तर येईपर्यंत पोरीला खेकडे देऊ नका. चार त्यांना तपासायला दिले, दोन सोडले. घरी सांगितलं, सापडले नाहीत. खोटं बोललो.

वद्य ५, शनिवार
खताची रिकामी पोती धुतली. सुमीच्या आईच्याच दगडावर. तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातून खत येऊ लागलं तेव्हा पोत्यांचं तरट पाहून ती हरखली होती. धुवायची, उसवायची, चार जोडून अंथरूण शिवायची. तिचं पाहून गावातल्या साऱ्या बायका डोहावर पोती आणू लागल्या.
ती जाऊन दोन वर्षं. आता मी धुतो. तेवढा वेळ ती शेजारी...
चुलतभाऊ किसन काठावरून म्हणाला, "दादा, वहिनीचं काम किती दिवस करसान? दुसरी आना." हसलो.

वद्य ११, शुक्रवार. एकादशी
मास्तर गोगलगायींचं नि त्या चार खेकड्यांचं उत्तर घेऊन आले. खतात धातूंचा बारीक अंश असतो म्हणे. शेतातून थोडा वाहत येतो, पोती धुतली की थेट. पाण्यात दिसत नाही, गाळात बसतो. गोगलगाय गाळ चाटते, खेकडा गोगलगाय खातो; अंगात साचत जातो. किती वाईट, विचारलं. म्हणाले, ठाऊक नाही, पण पोटुशीला देऊ नये.
पाणी किती नितळ. महादेवाला तेच वाहतो.
शेवटच्या वर्षी हिने किती खेकडे... नको.
सुमी आतून ऐकत होती. "बाबा, सापडले नाही म्हनत होते ना तुम्ही?"
"सापडले होते, माय."
रागावली नाही. म्हणाली, "मंग पोते काऊन धुऊन राह्यले अजून तिथं?"
दगडाचं तिला कसं सांगू.

वद्य १३, रविवार
उजाडताच दगडावर जाऊन बसलो, रिकाम्या हातानं. हिला जे सांगायचं ते सांगितलं. डोह कधी निवळेल, मास्तरांनाही माहीत नाही.
मग किसनच्या घरी गेलो. म्हटलं, बायकांना सांग, हे आमच्या घरून सुरू झालं, आमच्याच घरून थांबतं. त्यानं आज चेष्टा केली नाही.
ओढ्यापासून लांब, वरच्या बांधाजवळ खड्डा खणला. विहिरीचं पाणी वाहून नेलं. पोती तिथं धुतली.
शेजारी कोणी नव्हतं.