गिऱ्हाईक पारखून क्रूझर विकणे आहे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गाडी विकायची ठरवली. निर्णय सर्वस्वी माझा. मृणालने फक्त एवढंच म्हटलं की तिची आई महिनाअखेर राजापूरहून कायमची आपल्याकडे येते आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, बेडरूम एकच आहे, त्यामुळे कॉट हॉलमध्ये लागणार, आणि हॉलमध्ये सध्या मोटरसायकल आहे. बायको सुचवू शकते. ठरवलं मी.

गाडी हॉलमध्ये का? कारण अशी गाडी अख्ख्या सिल्वासात दुसरी नाही. आमच्या आमलीत रस्त्यावर ठेवली तर सकाळी फक्त ऑइलचा डाग उरेल. सेकंडहँड घेतली तेव्हा साधीच क्रूझर होती. मी तिचा पुढचा फोर्क लांब करून घेतला, मागे कारएवढा रुंद टायर टाकला, हँडल खांद्याच्या वर नेलं, इंजिन वापीच्या माणसाकडून ट्यून करून घेतलं. आता ती कोणालाही झेपणारी राहिलेली नाही.

आज रविवार, म्हणून नेहमीप्रमाणे गॉगल लावून बसलो आणि हॉलमध्येच इंजिन चालू केलं. भिंतीवरचं घड्याळ पडलं. मृणाल तपासायचे पेपर घेऊन गच्चीत गेली.

विकण्याचं कारण: रायडिंगला वेळ मिळत नाही. मार्चमध्ये गेटपाशी गाडी जरा झुकली, त्याचा याच्याशी संबंध नाही. गाडी फक्त झुकली. पडलो मी.

संकल्प: येईल त्याला द्यायची नाही. माणूस पारखून द्यायची.

५ नोव्हेंबर, बुधवार. ऑफिस, लंच टाइम

जाहिरात टाकली. तीन फोन आले.

पहिल्याने लगेच शेवटचा भाव विचारला. म्हणजे पैसे नाहीत. दुसरा फार अदबीने बोलत होता. इतकी अदब प्रामाणिक माणसाला परवडत नाही. तिसऱ्याने सरळ घराचा पत्ता विचारला! फोन कट केला, नंबर ब्लॉक.

मृणालला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अहो, पत्ता दिल्याशिवाय गिऱ्हाईक येणार कसं? भोळी आहे. सोळा वर्षं चौथीच्या मुलांना शिकवतेय, जगाचा अनुभव नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वापीहून दोन तरुण आले. पत्ता मृणालने दिला होता.

गाडी मी आणि वरच्या मजल्यावरच्या नथूने मिळून बाहेर काढली. हा नथू धुळ्याकडचा, राखोलीच्या कंपनीत कामाला. मदतीला नेहमी तयार असतो. का तयार असतो, ते अजून कळलेलं नाही.

मुलांनी टेस्ट राइड मागितली. मी हसलो. टेस्ट राइड म्हणजे चावी घेऊन जायचं आणि दमणगंगेपलीकडून टाटा करायचं. मी अट घातली: कंपाउंडमध्येच, पहिल्या गिअरवर, आणि मी मागून सीट धरून चालणार. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक म्हणाला, काका, मग तुम्हीच एक राउंड मारून दाखवा ना, आम्ही बघतो.

मनगट दुखत असल्याचं सांगितलं. आज खरंच थोडं दुखत होतं.

डाव लक्षात आला. मी राउंडला गेलो की हे घरात घुसणार. मृणाल म्हणाली, घरात मी होते की. तरीपण.

जाताना ती मुलं गेटपाशी नथूशी बोलली आणि तिघंही हसले. नथूला विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, काही नाही भाऊ, गाडीची तारीफच केली, एक नंबर शे म्हटलं.

नथूवर लक्ष ठेवायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं प्रकरण गंभीर.

कावेरी नावाची बाई आली. तिशीची असेल, एकटी, स्कूटीवरून. आमलीतच राहते म्हणाली. गाडी पुन्हा मी आणि नथूने बाहेर काढली. टेस्ट राइड मागितली नाही. मायलेज विचारलं नाही. इंजिन किती सीसीचं, तेही नाही! मी आपणहून ट्यूनिंगबद्दल सांगायला लागलो तर ती डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, एक डोळा मिटला आणि टाकी उन्हात किती चमकते ते बघत बसली.

मग तिने विचारलं, सर, मातीत स्टँडवर उभी राहील ना? पुढे विचारलं, बाजूच्या चामड्याच्या पिशव्यांत किती सामान मावतं? आणि शेवटी, अगदी सहज: इंजिनमधलं काही काढून ठेवलं तर हलकी होईल का?

मी म्हणालो, बाई, इंजिन हीच तर गाडी आहे. ती म्हणाली, हो, पण वजन फार आहे. सांगत होती, खरं तर मला ही दुधनीला नेऊन—

मी तिला थांबवलं. हुशार माणूस जास्त विचारत नाही. बघतो.

किंमत सांगितली. ठीक आहे म्हणाली. घासाघीस शून्य!

उत्तर उद्या देतो म्हणालो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. पहाटेच उठून

सगळं जुळलं. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, आपल्याकडे नाही. वेगवान गाडी. मोठ्या पिशव्या. दुधनी म्हणजे धरणाच्या पाण्याकाठी, एका बाजूला जंगल. माल तिथे लपवायचा, माझ्या ट्यून केलेल्या इंजिनावर सीमा पार. पकडलं जाण्याची वेळ आली की इंजिन काढून विकायचं, सांगाडा पाण्यात. आणि गाडी माझ्या नावावर!

मृणालला हळूच सांगितलं. तिने कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, चहा गार होतोय.

कावेरीला नकार कळवला. पोलिसांना गुप्त अर्ज द्यायचा विचार आहे. मजकूर तयार आहे, फक्त सही कोणाची करायची ते ठरत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई ठरल्यापेक्षा आधीच आल्या. मेहुणा कार घेऊन आला आणि सोडून गेला.

कॉट आणि गाडी शेजारीशेजारी बसवली. बसते. फक्त दार अर्धंच उघडतं, आणि त्यांना बाथरूमला जायचं तर मागच्या टायरला वळसा घालून, वॉकर तिरका धरून जावं लागतं.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर हँडलवर लुगडं वाळत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट चुण्या काढून. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, हे यंत्र कधी सुरू होतं? म्हटलं, रविवारी. त्या म्हणाल्या, यातून पीठ निघतं की मसाला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाईंचा वॉकर फूटरेस्टला अडकला. पडल्या नाहीत, मृणालने वेळेवर धरलं. मी दारातच होतो, पण दार अर्धंच उघडतं.

मृणाल ओरडली नाही. आईला कॉटवर बसवलं, पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, योग्य गिऱ्हाईक मिळालं की लगेच. ती म्हणाली, मार्चमध्ये तुम्ही त्या गाडीखाली अडकला होतात. मी आणि नथूभाऊंनी मिळून ती उचलली. तेव्हाही मी काही बोलले नाही. आज माझी आई. आता तुम्ही बोलू नका.

तिने माझ्यासमोर माझ्याच फोनवरून कावेरीला फोन लावला. नंतर अर्धा तास दोघी बोलत होत्या. मध्ये हसल्याही. मृणाल म्हणाली, गाडी तिला कशाला हवी ते तिने सांगितलं, ऐकायचंय? मी म्हणालो, नको. सांगितलेलं कारण आणि खरं कारण यांत फरक असतो.

तरीही परवानगी दिली. अट माझी: गाडी पोहोचवायला मी जाणार. रंगेहाथ पकडण्यासाठी.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज इंजिन लावलं नाही. सासूबाई झोपल्या होत्या. नुसताच बसलो. गॉगल लावून.

३० नोव्हेंबर, रविवार. दुधनीहून परत

गाडी टेम्पोतून नेली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मृणाल आणि नथू मागे गाडीला धरून. नथूला कोणी बोलावलं ते माहीत नाही.

पाण्याकाठी पोहोचलो. बाटल्या नव्हत्या. एक पांढरी छत्री होती, दोन मोठे दिवे, कॅमेरा, आणि शेरवानी घातलेला एक घामाघूम मुलगा. शेजारी त्याची होणारी बायको चप्पल हातात घेऊन उभी. कावेरीचा आमलीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधीचे फोटो काढते. नवरदेवांना दणकट बाइकवर बसून फोटो हवा असतो, आणि भाड्याने बाइक देणारा दर वेळी नखरे करतो, म्हणून तिने स्वतःचीच घ्यायची ठरवली. पिशव्यांत फेटे आणि मेकअपचं सामान राहील.

मी विचारलं, मग हीच का? बाजारात चालणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. ती म्हणाली, सर, नथूभाऊ म्हणाले होते, गाडी एकदम कोरी आहे, आमचे भाऊ चालवत नाहीत, नुसते बसतात. म्हणजे मला हवी तशीच. ओरखडा नाही, चिखल नाही.

नथू पाण्यात खडे मारत होता.

मी म्हणालो, ही गाडी भल्याभल्यांना झेपत नाही. ती म्हणाली, हो सर, म्हणूनच पेट्रोल काढून टाकणार आहे. मग कॅमेरा उचलून म्हणाली, सर, तुम्ही जरा बसता का वर?

बसलो. गॉगल लावला. दोन्ही हात वर हँडलवर, पाठ ताठ, नजर समोर, पलीकडच्या डोंगरावर. पाणी चमकत होतं. वारा होता. मृणाल माझ्याकडे बघत होती, आणि खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कावेरी म्हणाली, मान थोडी डावीकडे. वळवली. क्लिक. अजून एक. क्लिक.

झालं सर, उतरा, ती म्हणाली. लाइट बघायची होती.

मी उतरलो. नवरदेव चढला. चढताना त्याने मला विचारलं, काका, आपोआप सुरू तर होणार नाही ना?

परत निघताना मृणालने कावेरीला विचारलं, यांचा तो फोटो पाठवशील का? कावेरीने कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, अय्या ताई, डिलीट झाला की, टेस्टचा होता ना. पुन्हा काढते म्हणाली, पण तोवर नवरीही मागे चढून बसली होती.

आता घरी आहे. दार पूर्ण उघडतं. सासूबाई निवांत झोपल्यात.

एवढा चांगला फोटो कोणी डिलीट करतं का? मला त्या बाईवर पहिल्या दिवसापासूनच संशय होता.